एका गावाची स्थानपोथी

डॉक्टरांनी मला रोज अर्धा तास चालण्यास सांगितले, तेव्हा मला हसू आले. माझे सारे आयुष्य यवतमाळात गेले, आणि यवतमाळ हे मुळी चालण्याचेच गाव. शाळेत आम्ही चालत गेलो, वाचनालयात चालत गेलो, आठवडी बाजारातून वांग्यांची पिशवी घेऊन चालत आलो. लग्नाच्या वरातीत आणि मयतीच्या मागेही चाललो. अशा माणसाला चालण्याचे औषध लिहून द्यावे लागावे याची मला मौज वाटली. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी काठी घेऊन बाहेर पडलो आणि दहा मिनिटांत परत आलो. रस्त्याच्या दोन्ही कडांना दुचाक्या उभ्या, मध्ये धावत्या मोटारी, आणि दम लागला तर टेकावे म्हटले तर कोठे टेकायचे ते समजेना. शेजाऱ्यांनी मैदानाला फेऱ्या मारण्याचा सल्ला दिला. तोही मी चार दिवस मानून पाहिला. पण मैदानाला फेऱ्या मारणे म्हणजे चालणे नव्हे. घाण्याच्या बैलाला कोणी प्रवासी म्हणत नाही.

मग मी वेळ बदलली. पहाटे, दुकाने उघडण्यापूर्वी, जुन्या गावातून हिंडू लागलो आणि खिशात एक वही ठेवू लागलो. या वहीला मी मनातल्या मनात नाव दिले, स्थानपोथी. हे नाव माझे नाही. महानुभाव पंथात मुनी व्यास कोठी यांच्या नावावर ‘स्थानपोथी’ नावाचा एक चौदाव्या शतकातला ग्रंथ आहे. चक्रधरस्वामी ज्या ज्या गावी गेले, जेथे बसले, जेथे निजले, त्या जागांची ती नोंदवही. पुढे डॉ. वि. भि. कोलते यांनी ती संपादित केली. मला तिची गोडी लागली ती धर्मबुद्धीने नव्हे. त्या पोथीत गाव कसे सांगितले आहे, ते मला फार आवडते. अमुक देऊळ, त्याचे दार अमुक दिशेस, त्याच्या अमुक बाजूला दुसरे देऊळ, तेथे गोसाव्यांना आसन. सारे वर्णन पायी चालणाऱ्या माणसाच्या डोळ्यांनी केलेले. नकाशा पक्ष्यासारखा वरून पाहतो. स्थानपोथी देवळाच्या दाराशी उभी राहून, डाव्या हाताला काय आणि उजव्या हाताला काय, ते सांगते.

आमच्या गावाला या वाङ्मयाचा जुना शेजार आहे. डॉ. य. खु. देशपांडे यांनी यवतमाळात शारदाश्रम उभा केला आणि जुन्या पोथ्या जमवण्यात, महानुभावांची सांकेतिक लिपीत दडलेली ग्रंथसंपत्ती उजेडात आणण्यात आयुष्य घालवले. तेव्हा यवतमाळच्या माणसाने स्थानपोथीची नक्कल करू पाहावी, यात उद्धटपणा असला तरी परकेपणा नाही.

या वाङ्मयातले मला सर्वांत जवळचे पुस्तक मात्र दुसरेच आहे. ते म्हणजे गोविंदप्रभूंचे चरित्र. गोविंदप्रभू, म्हणजेच गुंडम राऊळ, हे चक्रधरांचे गुरू. ते वऱ्हाडातच ऋद्धपूरला राहत. त्यांच्या लीळांत मोठे चमत्कार थोडे आणि हिंडणे फार. सकाळी बाहेर पडावे, बाजारात जावे, कोणाच्या दुकानातले काही उचलून खावे, कोणाच्या घरात शिरावे, गावाने दूर ठेवलेल्यांच्या वस्तीतही जावे, देवळात जाऊन मूर्तींशी खेळावे, कधी त्यांना कुरवाळावे तर कधी रागे भरावे. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मी हे वाचतो तेव्हा मला तेराव्या शतकातले एक चालते बोलते वऱ्हाडी गाव दिसते. त्या गावात देवळातली शिल्पे आणि बाजारातली भाजी यांच्यामध्ये भिंत नाही. एकच माणूस एका फेरीत दोन्हींना हात लावून येतो. कला पाहण्यासाठी वेगळे कपडे करून, वेगळ्या इमारतीत, वेगळ्या वेळी जावे ही कल्पना त्या गावाला माहीत नसावी. माझ्या लहानपणीच्या यवतमाळलाही ती माहीत नव्हती.

यवतमाळचा इतिहास तसा मोठ्या लढायांचा नाही. आईन-इ-अकबरीत ‘योत-लोहारा’ असा परगणा येतो. त्यातला योत म्हणजे आमचे यवत, आणि लोहारा म्हणजे गावाच्या पश्चिमेला तीनेक मैलांवरचे खेडे. परगण्याचे ठाणे म्हणून यवताला ‘महाल’ हा शब्द चिकटला आणि जिभेवर झिजून त्याचा ‘माळ’ झाला असे जुन्या गॅझेटियरकारांनी म्हटले आहे. इंग्रजी अमलात जिल्ह्याचे नाव आधी वणी असे होते. ते १९०५ साली बदलून यवतमाळ झाले. १९०१ च्या शिरगणतीत गावाची वस्ती १०,५४५ होती. हा आकडा मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिला आहे, कारण जुन्या गावाची आखणी त्या आकड्यातच आहे. दहा हजार माणसांचे गाव म्हणजे डोक्यावर ओझे घेतलेली बाई दमण्याच्या आत संपणारे गाव. बाजार, कचेरी, देऊळ, विहीर, आखाडा हे सारे एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर. २०११ च्या जनगणनेत हीच वस्ती सुमारे १ लाख १६ हजार झाली. गाव लोहाऱ्यापर्यंत पसरले. पण जुन्या गावाची हाडे तीच राहिली. आजही दत्त चौकातून निघालेला माणूस मेन लाईन, माईंदे चौक, टांगा चौक, पाच कंदील चौक असे करीत अर्ध्या तासात जुने गाव पायांखाली घालू शकतो. अट एकच. त्याने पहाटे निघावे.

महानुभावांनी स्थानांचे प्रकार पाडले आहेत. जेथे दीर्घ मुक्काम झाला ते अवस्थान, जेथे एक रात्र काढली ती वसती, जेथे थोडे बसणे झाले ते आसन, आणि जेथून फिरणे झाले ते विहरण. मीही माझ्या वहीत गावातल्या सार्वजनिक कलाकृतींची अशीच विभागणी करू लागलो. कारण मला हळूहळू असे दिसू लागले की, कला किती काळ टिकते आणि ती माणसांच्या जगण्यात किती शिरते, या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत.

अवस्थानाचे उदाहरण लोहाऱ्यास आहे. तेथील कमलेश्वराचे देऊळ हेमाडपंती. यादवांचा मंत्री हेमाद्री याच्या नावाने ओळखली जाणारी ही बांधणी आपल्या जिल्ह्यात ठिकठिकाणी आढळते. चुना न वापरता दगडावर दगड असा बसवायचा, की त्याचे वजन हेच त्याचे बंधन व्हावे. लहानपणी आम्ही तेथे पायी जात असू. सकाळी निघायचे, देवळाच्या गारव्यात भाकरी सोडायची आणि उन्हे उतरल्यावर परतायचे. देवळाचे वय किती याची आम्हाला फिकीर नव्हती. दगड थंड आहे एवढे पाठीला समजत असे. आज वाहनाने तेथे काही मिनिटांत पोहोचता येते. पण जाताना वाट दिसत नाही, म्हणून पोहोचल्यावर देऊळही पूर्वीसारखे दिसत नाही.

विहरणाच्या पानावर मी चौकांची नावे लिहिली आणि एक गंमत ध्यानात आली. टांगा चौकात टांगा नाही. पाच कंदील चौकाच्या नावात कंदील आहेत, रात्रीचा उजेड मात्र विजेचा आहे. हनुमान आखाडा चौकातून रोज जाणाऱ्या किती तरुणांनी लंगोट कसला असेल, देव जाणे. वस्तू सरली तरी नाव राहिले. ते कोणत्या ठरावाने राहिले नाही. रोज हजार माणसे एकमेकांना ‘टांगा चौकातून डावीकडे वळा’ असे सांगत राहिली, म्हणून राहिले. नाव टिकवण्याचे काम चालणारी माणसे करतात, कारण वाट सांगण्याची गरज त्यांनाच पडते.

याचे मोठे उदाहरण मी मुंबईस पाहिले आहे. १९७० च्या आसपास मी प्रथम मुंबईला गेलो. बसच्या वाहकाने ‘काळा घोडा’ अशी आरोळी दिली, मी उतरलो आणि घोडा शोधू लागलो. घोडा नव्हताच! होती ती मोटारी उभ्या करण्याची जागा. युवराज असताना हिंदुस्थानात येऊन गेलेल्या सातव्या एडवर्डचा तो अश्वारूढ पुतळा. बोएम या शिल्पकाराने तो घडवला आणि आल्बर्ट ससून यांनी १८७९ मध्ये तो शहराला दिला. १९६५ साली तो तेथून हलवून राणीच्या बागेत नेला. राजा गेला, घोडा गेला, चबुतराही गेला. लोकांनी राजाचे नाव कधी घेतलेच नव्हते. त्यांना दिसला होता तो घोडा, आणि त्याचा रंग. ते नाव रिकाम्या जागेवर ५२ वर्षे उभे राहिले. २०१७ मध्ये तेथे नवा घोडा आला तो स्वाराविना. मला हा लोकांचा मोठा विजय वाटतो, आणि त्यासाठी कोणी मोर्चा काढला नव्हता.

त्या टापूत १९५२ पासून जहांगीर कलादालन आहे आणि १९९९ पासून दर वर्षी कलामहोत्सव भरतो. पण तो टापू जिवंत आहे तो पायी चालता येतो म्हणून. कलादालनातून बाहेर पडलेला माणूस पदपथावर चित्रे मांडून बसलेल्या चित्रकारापाशी थांबतो, पुढे चहा घेतो, पुस्तके चाळतो. मराठी आणि इंग्रजी या दोन्ही भाषांत लिहिणारे कवी अरुण कोलटकर तेथल्या एका उपाहारगृहात बसून वर्षानुवर्षे रस्ता पाहत असत. २००४ साली आलेल्या त्यांच्या इंग्रजी संग्रहात झाडूवाल्या, भटकी कुत्री, पदपथावर न्याहारी करणारी माणसे आली आहेत. गोविंदप्रभूंच्या चरित्रकारांची आणि कोलटकरांची जात मला एकच वाटते. गाव पाहायचे तर ते चालत तरी पाहावे, किंवा चालणाऱ्यांकडे बसून तरी पाहावे.

आता वसतीकडे येतो. यवतमाळची खरी सार्वजनिक कला ही वसतीची कला आहे. ती येते, नऊ रात्री राहते आणि जाते.

आमच्याकडे श्रावण अमावास्येपासून दोन महिने हाताने घडवलेल्या वस्तू पायी मिरवण्याचे असतात. पोळ्याला बैलांची शिंगे रंगतात, त्यांच्यावर झुली चढतात. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, म्हणजे लाकडी बैल दोरीने ओढीत घरोघर जाणारी पोरे. मग गणपती. भाद्रपदी पौर्णिमेपासून भुलाबाई, म्हणजे मातीची जोडी मांडून, गाणी म्हणत या घरून त्या घरी जाणाऱ्या आणि खिरापत ओळखणाऱ्या मुली. आणि आश्विनात देवी. यवतमाळचा दुर्गोत्सव साऱ्या विदर्भात प्रसिद्ध आहे. कोलकात्याच्या खालोखाल आमचाच, असे आम्ही यवतमाळकर अभिमानाने म्हणतो, आणि पाहुण्याने ते अमान्य केल्यास त्याला दुसरा चहा मिळत नाही.

माझ्या लहानपणी मंडळे थोडी होती. आमच्या गल्लीच्या टोकाला एक मूर्तिकार राहत. पोळा झाला की त्यांच्या अंगणात लाकडाचा सांगाडा उभा राही. त्यावर तणस सुतळीने बांधून देह आकाराला येई. मग कोंडा मिसळलेली माती, ती वाळून भेगा पडल्या की मातीत बुडवलेली चिंधी, मग पुन्हा बारीक माती, खडूचा पांढरा हात, आणि शेवटी रंग. शाळेतून येताना आम्ही रोज तेथे थांबत असू. एवढे मोठे काम होते, पण त्याला दार नव्हते की तिकीट नव्हते. भाजीवाली थांबे, पोस्टमन थांबे. महिषासुराच्या मिशीबद्दल लोक सल्लाही देत. एकदा मी डोळे केव्हा काढणार म्हणून फार मागे लागलो, तेव्हा ते म्हणाले, “पोरा, डोये शेवटी काढाचे. डोये आले का मूर्ती आपली राह्यत नाही.”

ही गोष्ट मला तेव्हा समजली नाही. आता वाटते, सार्वजनिक कलेची याहून नेमकी व्याख्या मी वाचलेली नाही. मूर्ती त्यांची राहत नसे हे खरेच होते. मंडळाच्या फलकावर अध्यक्षांचे नाव असे, वर्गणीदारांची नावे असत, मूर्तिकाराचे नाव नसे. दहाव्या दिवशी मूर्ती पाण्यात जाई. मागे उरे तो सांगाडा, आणि लोकांचे बोलणे. ‘औंदाची देवी’ विरुद्ध ‘मागच्या साली’ची, हा वाद पुढच्या पोळ्यापर्यंत चाले. हीच त्या माणसाची कलासमीक्षा.

पण या नऊ रात्रींचे मोल मला मूर्तीपेक्षाही दुसऱ्या एका गोष्टीमुळे कळले. माझी आई वर्षाचे साडेतीनशे दिवस सूर्यास्तानंतर घराबाहेर पडत नसे. तिला कोणी बंदी घातली नव्हती. तशी पद्धतच होती. बायकांना रात्रीच्या रस्त्यावर काही काम असते, असे कोणाला वाटत नसे. नवरात्रात मात्र ती जेवणे आटोपली की पदर सावरून म्हणे, “चला, देवी पाहून येऊ.” गल्लीतल्या सात-आठ बायका, मागे आम्ही पोरे, आणि बाबा घरी. गावचे सारे रस्ते बायकांनी भरून जात. एका चौकातून दुसऱ्या चौकात, एका देवीकडून दुसऱ्या देवीकडे. घरची आई वेगळी आणि रस्त्यावरची आई वेगळी. रस्त्यावरची आई मोठ्याने हसत असे. माझ्या आईने तिचे स्वतःचे गाव रात्री पाहिले ते वर्षातून नऊ वेळा, आणि ते या मातीच्या मूर्तींनी तिला दाखवले.

वाटेत एक ओटा होता. बाजाराच्या रस्त्याला एका जुन्या घरापुढे, दोन हात उंच, कडेला गुळगुळीत झालेला दगड. आईचे गुडघे लवकर दुखत. ती त्या ओट्यावर बसे. घरातली म्हातारी आतून पाण्याचा तांब्या पाठवी. त्या दोघींची ओळख एवढीच, वर्षातून काही तांबे पाणी. महानुभावांच्या परिभाषेत सांगायचे तर ते आसनस्थान. आणि योगायोग पाहा, चक्रधरांच्या स्थानांवर जी खूण बांधतात तिलाही ओटाच म्हणतात.

बंगालमध्ये देवी वाड्यांतून बाहेर आली आणि बारा मित्रांच्या वर्गणीची झाली, याला दोन शतकांहून अधिक काळ लोटला; पुढे ती साऱ्या वस्तीची झाली. आपल्याकडे १८९३ पासून लोकमान्यांनी सार्वजनिक गणेशोत्सवाला चालना दिली आणि घरातली मूर्ती चौकात आणण्याची रीत रुजली. डिसेंबर २०२१ मध्ये युनेस्कोने कोलकात्याची दुर्गापूजा मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. ‘अमूर्त’ हा शब्द वाचून मी जरा चपापलो. एवढ्या मूर्ती, आणि वारसा अमूर्त? मग वाटले, बरोबरच आहे. मूर्ती तर बुडते. वारसा आहे तो घडवण्याचा, आणि ती पाहण्यासाठी घराबाहेर पडण्याचा.

हे सारे गोड गोड लिहून मी थांबलो तर वही खोटी होईल. चौक हा सर्वांचा असतो असे आपण म्हणतो, पण तो नेहमी सर्वांचा नव्हता. विजयादशमीच्या दिवशी माझ्या वर्गातले एक-दोन मित्र देवीच्या मिरवणुकीत नसत. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, विजयादशमीलाच, बाबासाहेबांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली आणि लाखोंना दिली. तेव्हापासून त्या दिवशी आमच्या गावातून दोन वाटा निघतात, एक विसर्जनाकडे आणि एक पांढऱ्या वस्त्रांत दीक्षाभूमीकडे. पुतळा या गोष्टीचा अर्थ मला या मित्रांमुळे समजला. तोवर मी कलेच्या तोऱ्यात म्हणत असे की, आपल्याकडचे पुतळे ठोकळेबाज, एकसारखे. एका मित्राने मला विचारले, “तू पुतळा पाहायला जातोस. आम्ही पुतळ्यापाशी जातो. फरक कळतो का?” बसस्थानकाच्या चौकातील बाबासाहेबांच्या पुतळ्यापाशी १४ एप्रिलला जो जनसमुदाय लोटतो, तो शिल्पाचे गुणदोष पाहायला येत नाही. ज्या रस्त्यांवर आजोबांना अंग चोरून चालावे लागले, त्या रस्त्यांच्या मध्यावर आपला माणूस उभा आहे, हे तो पाहतो. तेथे चालत येणे हेच त्या कलाकृतीचे पूर्णत्व आहे. माझ्या आईला जे स्वातंत्र्य नऊ रात्री मिळे, ते माझ्या मित्राच्या घरच्यांनी एका पुतळ्याभोवती वर्षभरासाठी मिळवले.

रस्त्यावर पायी उतरण्याला या जिल्ह्यात आणखी एक अर्थ आहे. वणीत जन्मलेले आणि यवतमाळात वकिली केलेले लोकनायक बापूजी अणे यांनी १० जुलै १९३० रोजी पुसदला राखीव जंगलातले गवत कापून जंगल सत्याग्रह केला. माझे वडील त्या दिवसांतल्या प्रभातफेऱ्यांची आठवण सांगत. ज्या रस्त्याने प्रभातफेरी गेली त्याच रस्त्याने पुढे देवीही गेली आणि भीमजयंतीची मिरवणूकही गेली. रस्ता तोच; चालणाऱ्यांनी त्याला वेळोवेळी निराळे काम दिले.

आज देवीचे देखावे पूर्वीपेक्षा भव्य आहेत. देशभरातल्या देवळांच्या प्रतिकृती उभ्या राहतात, विजेची रोषणाई डोळे दिपवते, बाहेरगावची माणसे लोंढ्याने येतात. ध्वनिवर्धकांचा आवाज माझ्या वयाला सोसत नाही हे खरे, पण म्हाताऱ्यांना उत्सव नेहमीच मोठा वाटतो. मूर्तींचा मातीशी सुटलेला संबंध मात्र नुसत्या आवडीनिवडीचा प्रश्न नाही. प्लास्टर ऑफ पॅरिस पाण्यात विरघळत नाही, म्हणून केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत त्याच्या मूर्तींना मनाई केली. विरघळणे हा मातीचा दोष नव्हता, तो तिचा गुण होता. मूर्ती गेली तरच पुढच्या वर्षी गल्लीच्या टोकाला पुन्हा सांगाडा उभा राहणार, आणि पोरे शाळेतून येताना थांबणार.

पण माझी खरी तक्रार मूर्तींविषयी नाही, रस्त्याविषयी आहे. मी वहीत जुन्या गावातल्या ओट्यांची मोजदाद करू लागलो. आठवणीतून चौतीस ओटे निघाले. पहाटे फिरून पाहिले तर सहा उरले होते, आणि त्यांतल्या दोहोंवर कोणी बसू नये म्हणून लोखंडी टोके बसवलेली. रस्ते रुंद झाले तेव्हा ओटे गेले, कडुनिंब गेले, त्यांच्या सावलीतल्या पाणपोया गेल्या. वाहतुकीला जागा हवी हे मलाही कळते. परंतु गाव चालण्याजोगे असते ते रस्ता रुंद असल्याने नव्हे. दर शंभर पावलांवर थोडी सावली, थोडे पाणी आणि टेकण्यापुरता दगड असल्याने ते तसे असते. तरुण माणूस यांच्यावाचून चालेल. म्हातारा, गर्भारशी, डोक्यावर ओझे असलेली बाई आणि कडेवर मूल असलेली आई चालणार नाहीत. ती घरी बसतील किंवा कोणाच्या तरी वाहनाची वाट पाहतील. मग चौकात कितीही सुंदर शिल्प उभारले तरी ते धावत्या वाहनातून दिसेल तेवढेच दिसेल.

गेल्या नवरात्रात मी सुनेबरोबर आणि नातीबरोबर देवी पाहायला गेलो. गर्दीमुळे वाहन दूर ठेवावे लागले, आणि त्या अडचणीचे मी मनोमन आभार मानले. रस्ते पुन्हा बायकांनी भरले होते. सून मोठ्याने हसत होती. तीन देव्या झाल्यावर माझे गुडघे बोलू लागले. मी सवयीने त्या जुन्या घराच्या जागेकडे वळलो. तेथे आता भ्रमणध्वनीचे दुकान आहे आणि त्याच्या पायऱ्या सरळ रस्त्यात उतरतात. मी उभाच राहिलो. दुकानातल्या मुलाने ते पाहिले असावे. त्याने आतून एक प्लास्टिकची खुर्ची आणून पायरीशी ठेवली आणि म्हणाला, “बसा ना आजोबा. पाणी आणू का?”

घरी आल्यावर मी वही उघडली. मूर्तिकाराचे नाव मला ठाऊक होते, ते त्याच्या अंगणाच्या जागेपुढे लिहिले. मग पुढच्या ओळीत लिहिले: बाजाराच्या रस्त्याला, भ्रमणध्वनीच्या दुकानापुढे, पूर्वी ओटा. तेथे आईला आसन. आता खुर्ची. पाणी मिळते.